भावासाठी घरावरचा हक्क सोडू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात फोंडा तालुक्यात जुनं घर, मागे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. वडील जाऊन दोन वर्षं झाली. आई शहात्तर वर्षांची, त्याच घरात तुमच्याजवळ. थोरला भाऊ पुण्याला, बहीण बेळगावला दिलेली. भावाला घर विकायचंय; दिल्लीकडच्या एका गिऱ्हाइकाने दलालामार्फत आकडाही सांगितलाय. गेल्या चवथीला त्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि भाऊ विसर्जनाआधीच गाडी काढून निघून गेला. तुम्ही लिहिता, “घरापेक्षा भाऊ मोठा. माझा हक्क सोडून देतो आणि मोकळा होतो. सही कुठे आणि कशी करायची तेवढं सांगा.”

सांगते. पण तूर्त सही करू नका.

फोंड्यात वकिली करताना माझ्याकडे येणारं बरंचसं काम इन्व्हेंटरीचं असतं. माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेची यादी करायची, किंमत ठरवायची, वाटणी करायची. या फायलींत चिडून आलेली माणसं असतात हे खरं, पण एके काळी मोठ्या मनाने सही करून गेलेली आणि वर्षांनी धुसफुसत परत आलेली माणसंही तितकीच असतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसांशी बोलणं जास्त अवघड जातं, कारण त्यांना मागायचं काहीच उरलेलं नसतं, आणि राग मात्र शाबूत असतो.

आधी घर कोणाचं ते बघू. तुम्ही लिहिलंय, “आम्हा तिघा भावंडांचं घर.” तसं नाही. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली, मुक्तीनंतरही ती राहिली, आणि वारसाहक्काचा भाग आता आपल्या स्वतंत्र वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्यात आलाय, जो २०१६ पासून अंमलात आहे. या व्यवस्थेत लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता दोघांची समाईक. वडिलांना त्यांच्या वडिलांकडून मिळालेलं, आईने माहेरहून आणलेलं, दोघांनी मागाहून घेतलेलं, सगळं. त्यामुळे वडील गेले तेव्हा अर्धं घर आणि अर्धं कुळागर आईचंच होतं. तो तिला मिळालेला वारसा नव्हे, तो तिचा स्वतःचा हिस्सा. वारशाने वाटायचं आहे ते फक्त वडिलांचं अर्धं, आणि ते तिघांत सारखं. म्हणजे आई एक द्वितीयांश, आणि तुम्ही, भाऊ, बहीण प्रत्येकी एक षष्ठांश.

हे ऐकल्यावर दोन गोष्टी लक्षात येतील. दिल्लीच्या गिऱ्हाइकाला भाऊ एकटा घर विकूच शकत नाही. आईची, तुमची, बहिणीची आणि तुम्हा भावंडांच्या जोडीदारांची सही त्याला लागेल. तेव्हा “उद्या आई रस्त्यावर येईल” ही भीती मनातून काढून टाका. दुसरं म्हणजे चवथीच्या दिवशी तुम्ही दोघं ज्या घरावरून भांडलात, त्याच्या अर्ध्याची मालकीण आत चुलीपाशी नेवऱ्या तळत होती आणि तिला कोणी काही विचारलं नाही. असं मी धरून चालते, कारण तुमच्या एवढ्या लांब पत्रात आईचं म्हणणं काय, याबद्दल एक ओळ नाही.

आता सहीबद्दल. तुम्ही म्हणता तो दस्त विशेष नोटरीसमोर, म्हणजे आपल्याकडे सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब रजिस्ट्रारच्या कार्यालयात होतो. पण “माझा हक्क भावाच्या नावे सोडतो” असं त्यात लिहिता येत नाही. वारसा सोडायचा तर बिनशर्त सोडायचा, कोणाच्या नावे नाही. अमुक एकालाच द्यायचा असेल तर ते बक्षीसपत्र होतं, त्याचा कागद वेगळा आणि खर्चही वेगळा. शिवाय सुटतो तो फक्त वडिलांच्या वारशातला तुमचा वाटा. आईच्या मागे जे येईल त्यावरचा हक्क ती जिवंत असताना कोणालाच सोडता येत नाही. म्हणजे सही करून तुम्ही एक षष्ठांशातून मोकळे व्हाल, उरलेल्या अर्ध्यासाठी तुम्हा तिघांना पुढे पुन्हा समोरासमोर बसावंच लागेल.

आणि या दस्तावर तुमच्या पत्नीचीही सही लागते. तुमच्या वाट्यात, लग्नाच्या त्याच समाईकीमुळे, त्यांचाही हक्क असतो.

वहिनींना विचारलंत?

तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख एकदाच आहे, आणि तोही वाक्याच्या ओघात: “वडील शेवटची चार वर्षं अंथरुणावर होते, तेव्हा बायकोनेच सगळं केलं.” तुम्ही सकाळी कुंडईला कंपनीत, संध्याकाळी घरी. मधल्या वेळात कूस वळवणं, पेज भरवणं, पाडेलीला हाक मारून नारळ उतरवणं, सुपारी सोलून घेऊन बागायतदार संस्थेला पाठवणं, रोज दुपारी सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या देणं, हे कोणी केलं असेल ते मला पत्रावरूनही कळतं. घरापेक्षा माणूस मोठा हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण माणूस म्हणजे कोण? पुण्याला रागावून बसलेला भाऊ हा माणूस, आणि ज्या घरात आपण जन्मभर राहू असं धरून जिने एवढं केलं ती माणूस नाही का? तुमची सही भावाला खूश करेल. पण ती वहिनींच्या खात्यातून दिलेली असेल, आणि रजिस्ट्रारसमोर त्या “नाही” म्हणणार नाहीत. आपल्याकडच्या बायका तिथे नाही म्हणत नाहीत. घरी आल्यावर बोलायच्या बंद होतात.

हीच गोष्ट बहिणीची. मुलगा-मुलगी समान हे इथल्या कायद्याला नवीन नाही. देशातल्या इतर बहुतेक राज्यांतल्या हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने जन्मसिद्ध हिस्सा मिळायला २००५ ची दुरुस्ती यावी लागली, इथे तो समान वाटा कितीतरी आधीपासून आहे. पण कायद्यात असणं आणि घरात असणं यांत अंतर राहतंच. चवथीचं वजें, म्हणजे सणाची भेट, पाठवलं, भाऊबीजेला साडी दिली की बहिणीचं फिटलं, अशी समजूत अजून जागोजागी आहे. ती काही मागत नाही म्हणून तिला काही नको असं समजू नका. तिला फोन करा आणि सरळ विचारा. कदाचित ती म्हणेल, मला पैसा नको, फक्त माहेरचं दार उघडं राहू दे. मग ते उघडं कसं ठेवायचं हेही कागदावर आणता येतं.

वस्तू आणि माणूस यांतलं भांडण प्रत्यक्षात कसं दिसतं, त्याचं एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. आईवडील दोघंही गेलेले, दोन भाऊ, एक बहीण. कुळागराची वाटणी एका बैठकीत ठरली. पाण्याचा पाट कोणाच्या भागातून जाईल, शिंपणं कोणाचं आधी, इतक्या बारकाव्यापर्यंत. मग जंगम वस्तूंची यादी निघाली. तांब्याचे हंडे, दोन पेटारे, आरामखुर्ची, पितळेची एक समई. समईवर गाडं अडलं. ती आईच्या माहेरची. बहीण म्हणाली, आईने मला तोंडी दिली होती. थोरल्या भावाची बायको म्हणाली, दर चवथीच्या आदल्या दिवशी चिंच लावून ती मी घासलीय, देवासमोर मी लावलीय. बाजारात तशी समई सहज मिळेल. पण दोघींतली कोणीही पितळेबद्दल बोलत नव्हती. बहिणीला आईची लेक म्हणून जागा हवी होती, आणि सुनेला वाटत होतं की इतक्या वर्षांच्या राबण्याची या सबंध यादीत कुठे नोंदच नाही. त्या दिवशी बाहेर व्हरांड्यात ती मला म्हणाली, “म्हाका कोणेंच विचारूंक ना.” कोणीच विचारलं नाही मला.

शेवटी समई वारसांमधल्या बोलीत गेली. आपण काजूच्या बागायतीची पावणी, म्हणजे लिलाव, करतो, तशीच ही वारसांमधली पावणी, फरक एवढाच की बोली लावणारी सगळी एका ताटातली. भावाने ईर्ष्येने बोली चढवली आणि ज्या रकमेला घेतली तीत तसल्या कितीतरी समया आल्या असत्या. बहीण त्यानंतरच्या चवथीला आली नाही. कायदेशीरदृष्ट्या त्या प्रकरणात काहीही चुकलं नव्हतं.

म्हणून मी अशिलांना आधी भलताच प्रश्न विचारते. कोणी कोणाचं काय केलं, आणि ते कोणी कधी मोठ्याने बोलून दाखवलंय का? बऱ्याचदा कोणी नाही. मग तो हिशेब घराच्या भिंतींवर आणि दागिन्यांवर वसूल व्हायला लागतो.

तुमच्या मनात कदाचित तिसरा पर्याय असेल, आणि तो गोव्यात फार आवडीचा आहे: काहीच करायचं नाही. वाटणी म्हणजे घर फोडणं, म्हणून सगळं तसंच समाईक ठेवायचं. ऐकायला गोड वाटतं. पण तुमच्याच वाड्यावर बघा. राजांगणात, म्हणजे मधल्या चौकात, माड उगवलेलं, कौलं खाली आलेलं एखादं मोठं घर असेलच. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून पणजोबा, वारस मुंबईपासून लिस्बनपर्यंत पसरलेले, आणि एक वासा बदलायचा तरी कोणाच्या खर्चाने हा प्रश्न सोडवायला कोणी नाही. ज्यांनी भांडण नको म्हणून वाटणी टाळली ते कधीच गेले. भांडण त्यांच्या नातवंडांना मिळालं, आणि ती नातवंडं एकमेकांना ओळखतही नाहीत. अशाच बंद घरांवर आणि बेवारस दिसणाऱ्या जमिनींवर खोटे दस्त करून डल्ला मारल्याची इतकी प्रकरणं बाहेर आली की २०२२ मध्ये सरकारला पोलिसांचं विशेष तपास पथक नेमावं लागलं आणि पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्तींचा आयोगही. चोर परका होता हे खरं, पण दार उघडं राहिलं ते घरच्यांच्या अबोल्यामुळे.

तेव्हा वाटणी कराच. नातं टिकवायचं असेल तर खास करून करा.

भावाकडे येऊ. “विकायचंय” हे तो म्हणतो. पण त्याला हवंय काय? पुण्याच्या फ्लॅटचं कर्ज आहे, मुलीचं शिक्षण आहे, की आपलं गावात काहीच उरलं नाही ही खंत आहे? कर्जाला पैशाने उत्तर देता येतं, खंतीला नाही. समजा घर-कुळागराची सगळी मिळून किंमत १ कोटी २० लाख धरली. त्यात आईचे ६० लाख, आणि भावाचे २०. पेच सव्वा कोटीचा वाटत होता, तो प्रत्यक्षात वीस लाखांचा निघाला. तेवढे तुम्ही थोडं कर्ज काढून, थोडं हप्त्याने देऊ शकता. किंवा रस्त्यालगतचा एखादा तुकडा त्याच्या वाट्याला काढून देऊ शकता, तिथे तो उद्या दोन खोल्या बांधेल, बांधणारही नाही, पण ग्रामदेवी सातेरीच्या जत्रेला आला तर स्वतःच्या जागेवर उतरेल. (तुकड्याचं आधी झोनिंग तपासा. बागायतीत घर बांधायला सहजासहजी परवानगी मिळत नाही, आणि हे भावाला आधीच सांगितलेलं बरं.)

त्याने ऐकलंच नाही आणि स्वतःचा अविभक्त वाटा परक्याला विकायचं ठरवलं, तर सहहिस्सेदार म्हणून त्याच किमतीला तो आधी घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण हे हत्यार खिशात असू द्या, बोलण्याची सुरुवात वकिलाच्या नोटिशीने करू नका. मी नोटिसा लिहूनच पोट भरते, तरी सांगते: पहिली नोटीस गेली की भाऊ “प्रतिवादी” होतो, आणि तो शब्द नंतर घरातून निघता निघत नाही.

पुण्याला जा. फोनवर नको, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच नको. रात्री अकराला रागाच्या भरात लिहिलेलं पुढे माझ्यासारखीच कोणीतरी छापून कागदांना जोडते. चवथीची वाट बघू नका. गणपतीवरची माटोळी बांधताना, पाहुण्यांची वर्दळ असताना, तिन्ही सुना-जावई कान देऊन असताना हा विषय काढला तर गेल्या वर्षीचंच पुन्हा होईल. एखादी साधी रविवारची दुपार बघा. जाताना कुळागरातली केळी न्या, आणि गेल्या पाच वर्षांचा जमाखर्चही न्या: सुपारीचे किती आले, मजुरीला किती गेले, कौलं शाकारायला, वडिलांच्या औषधांना किती. मागायला नाही. लांब राहणाऱ्या भावाला वाटतं की कुळागराचं सगळं उत्पन्न तुम्हीच खाताय, आणि जवळ राहणाऱ्याला वाटतं की आपण काय भोगलं हे त्याला दिसत कसं नाही. वही उघडून समोर ठेवली की निम्म्याहून जास्त संशय तिथेच विरतो.

त्याआधी मात्र आई. तिला एकटीला विचारा, कोणी सोबत नसताना. “तुम्ही सुखी राहा, माझं काय” असं ती पहिल्यांदा म्हणेलच; त्यावर थांबू नका. कुठली खोली हवी, देवघर कोणाकडे असावं, पुण्याला चार महिने राहायला आवडेल का, हातात स्वतःचे पैसे किती हवेत, हे नेमकं विचारा. मग वाटणीच्या कागदात ते सगळ्यात आधी लिहून घ्या. घरात राहण्याचा आणि उत्पन्न घेण्याचा तहहयात हक्क राखून ठेवण्याची सोय आपल्या कायद्यात आहे. ती अजून कोणाला काही बक्षीस देणार असेल, तर सांभाळण्याची अट कागदात स्पष्ट येऊ द्या. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ त्यासाठीच आहे: सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन मुलाने सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकतं. अट बिलकुल लिहिलेली नसेल तर भांडत बसावं लागतं. “आमच्यात लिहायची काय गरज” असं म्हणणाऱ्या घरांतच ती गरज जास्त असते.

आणि वहिनींचं? केलेल्या सेवेचा वेगळा वाटा कायदा आपणहून देत नाही. पण आईला एक मोकळीक देतो. तिच्या साठ लाखांतला निम्मा भाग मुलांसाठी राखीव, तो तिला कोणाकडूनही काढून घेता येत नाही. उरलेले तीस लाख मृत्युपत्राने ती हव्या त्या माणसाला देऊ शकते. मुलाला, लेकीला, सुनेला. तिने काय करावं हे मी सांगणार नाही आणि तुम्हीही तिच्या कानाशी लागू नका. पण अशी सोय आहे हे तिला कोणीतरी सांगायला हवं, आणि शक्यतो ते कोणी बाहेरच्या माणसाने सांगावं. सगळ्यांसमोर तिने नुसतं एवढं म्हटलं की “ह्या बाईने माझ्या घोवाचं सगळं केलं”, तरी तुमच्या घरातली हवा बदलेल. मी कागद करून देते, हे वाक्य मला करून देता येत नाही.

तिघं एकमताला आलात तर कोर्टाची पायरी चढायची गरजच नाही. सगळे वारस सज्ञान आणि राजी असतील तर आधी वारस कोण हे ठरवणारा वारसदाखल्याचा दस्त, आणि मग वाटणीपत्र नोंदवून काम होतं. एकमत नाहीच झालं तर इन्व्हेंटरी घालू. तीही काही जन्माची दुष्मनी नव्हे; नीट चालवली तर ती फक्त यादी, किंमत आणि वाटप आहे. पुण्याच्या भावालाही हे समजावून सांगा, कारण “केस घातली” एवढंच त्याच्या कानावर गेलं तर तो वेगळा अर्थ काढेल.

माझ्याकडे याल तेव्हा वडिलांचा मृत्यूदाखला, आईवडिलांच्या आणि तुम्हा तिघांच्या लग्नांच्या नोंदी, तिघांचे जन्मदाखले, घराच्या आणि कुळागराच्या सर्व्हे क्रमांकांचे एक-चौदाचे उतारे, घरपट्टीची पावती आणि आजोबांच्या मागे वाटणी झाली असेल तर तिचा कागद आणा. उताऱ्यावर मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) किंवा कूळ म्हणून कोणाचं नाव आहे का तेही बघून ठेवा, तसं असेल तर सगळा हिशेब बदलतो. आणि एकटे येऊ नका. वहिनींना घेऊन या. माझे अर्धे प्रश्न त्यांच्यासाठी आहेत.